शरण, भय आणि करुणा : निर्वासितांविषयीच्या भाषेची परीक्षा

युद्धाने घरादारातून उठविलेल्या माणसांसाठी जगाने काय केले, याचा हिशेब सामान्यतः धान्य, तंबू आणि ठराव यांच्या संख्येत मांडला जातो. तो आवश्यकच आहे. २०२४ अखेर सक्तीने स्थलांतर करावे लागलेल्यांची जागतिक संख्या बारा कोटींच्या वर गेली असताना तो टाळता येणार नाही. परंतु साहाय्यापूर्वी एक भाषिक कृती घडून गेलेली असते. त्या माणसाला एक नाव दिले जाते, आणि त्या नावाबरोबरच त्याचा हक्क कोणता व त्याच्याविषयी पाहणाऱ्याने कोणता भाव धरावयाचा, हेही ठरते. ही कृती शब्दांच्या प्रांतातली असल्यामुळे तिची परीक्षा राज्यशास्त्राइतकीच साहित्यविचारानेही करावयास हवी.

मराठीत या माणसासाठी तीन शब्द रूढ आहेत. 'निर्वासित' हे कर्मणी रूप होय : ज्याला घालवून दिले तो. कोणी घालवून दिले, हे त्या शब्दात नाही. 'विस्थापित' हा शब्द अधिक व्यापक आणि म्हणूनच अधिक निर्विकार. धरणाच्या पाण्याने उठलेला आणि तोफेच्या माऱ्याने उठलेला, दोघेही त्यात सारखेच मावतात. 'शरणार्थी' या शब्दाचे तोंड तर पूर्णपणे यजमानाकडे वळलेले आहे. माणूस कोठून आला याची त्यात खूण नाही. तो काय मागतो एवढेच त्यात उरते. तिन्ही शब्द दुसऱ्याने दिलेले आहेत, आणि तिन्हींतून घालवून देणारा कर्ता निसटला आहे. मराठी लेखनाला या विषयावर पुष्कळदा जो सौम्य, निरुपद्रवी सूर लागतो, त्याचे एक मूळ येथे असावे.

याचा पडताळा कोल्हापूरजवळील वळिवडे येथे घेता येतो. १९३९ नंतर पूर्व पोलंडमधून सोव्हिएत प्रदेशात हद्दपार झालेली, १९४१ च्या करारानंतर सुटका होऊन इराणमार्गे हिंदुस्थानात आलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे १९४३ ते १९४८ या काळात तेथे राहिली. त्यांत स्त्रिया आणि मुले यांचाच भरणा अधिक होता. छावणीत शाळा होत्या, चर्च होते, नाट्यप्रयोग होत. ही हकीकत आज आतिथ्यकथा म्हणून सांगितली जाते. वॉर्सा शहरात कोल्हापूरचे स्मारक उभे आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिली.

आतिथ्य खोटे नव्हते. पण कथा अपुरी आहे. छावणीच्या खर्चाचा मुख्य भार लंडनमधील, म्हणजे स्वतःच निर्वासित असलेल्या, पोलिश सरकारवर होता. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि वळिवड्याच्या बराकीत बसलेल्या माणसाच्या मागे उभे असलेले राज्यच नाहीसे झाले. ज्या गावांतून ती माणसे निघाली होती ती गावे नव्या सीमांच्या पलीकडे सोव्हिएत संघात गेली. युद्ध जिंकणाऱ्या मित्रराष्ट्रांनीच त्यांचे परतणे अशक्य केले होते. आतिथ्यकथेत हा भाग येत नाही, कारण त्या कथेचा नायक यजमान आहे. पाहुण्याला तीत एकच भूमिका उरते, कृतज्ञतेची.

पोलिश माणसे गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित वसविले गेले आणि ती वसाहत गांधीनगर झाली. एकाच भूमीवर, पाठोपाठ, दोन विस्थापने. पहिल्याची स्मारके झाली. दुसऱ्याची ओळख कापडाच्या बाजारपेठेपुरती राहिली. कल्याणच्या लष्करी छावणीतून उल्हासनगर झाले, त्याचीही कथा निराळी नाही. जो निघून जातो त्याच्यावर करुणा करणे सोपे असते. जो राहतो तो शेजारी आणि स्पर्धक होतो, आणि करुणेचा विषय म्हणून निकामी ठरतो. यशपालांचे 'झूठा सच', मंटोंची 'टोबा टेक सिंह' किंवा भीष्म साहनींचे 'तमस' यांच्या तोलाचे फाळणीविषयक लेखन मराठीत थोडे, याचे कारण 'तो अनुभव आपला नव्हता' असे दिले जाते. अनुभव घेऊन माणसे तर दाराशी येऊन राहिली होती. अनुभव नव्हता असे नव्हे, तो ऐकला गेला नाही.

येथे रसविचाराचा उपयोग होतो. भरताने करुणाच्या विभावांत विभवनाश, बंध आणि विद्रव म्हणजे पळापळ यांची गणना केली आहे. त्यावरून निर्वासिताची कथा ही करुणाचीच, असे मानण्याचा मोह होतो. परंतु त्याच ग्रंथात करुण आणि विप्रलंभ यांतील भेदही सांगितला आहे : करुण निरपेक्ष, म्हणजे पुनर्भेटीची आशा संपलेला, विप्रलंभ सापेक्ष, आशा धरून असलेला. हा भेद भूमीच्या संबंधात लावून पाहिला तर निर्वासिताचा मूळ भाव सापेक्ष ठरतो. त्याला घरी जावयाचे असते. त्याच्या आशेला शोकाचे रूप देणारा लेखक, न कळत, परतीचा प्रश्न निकालात काढीत असतो.

आंतरराष्ट्रीय कायद्याने याहून निराळा भाव निवडला. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराची व्याख्या साधार 'भया'वर उभी आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल, असे भय. शोक पाहणाराही वाटून घेऊ शकतो. भय हे ज्याचे त्याचे असते आणि त्याला कोणीतरी कारण असते. म्हणून ही व्याख्या घालवून देणाऱ्याचा निदान निर्देश करते. मात्र तिच्या उणिवाही उघड आहेत. सीमा न ओलांडलेला माणूस तिच्यात येत नाही, आणि केवळ युद्धाच्या भडक्यातून पळालेलाही सहजी येत नाही. १९६७ पर्यंत तिला काळाची मर्यादा होती. भारताने या करारावर आजवर सही केलेली नाही.

१९७१ मध्ये या सर्वांची कसोटी लागली. पूर्व बंगालमधील संहार मार्चमध्ये सुरू झाला आणि पुढील महिन्यांत सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित उच्चायुक्तांकडे साहाय्याच्या समन्वयाचे काम आले. पण सुरक्षा परिषद या प्रश्नावर बसली ती भारत-पाकिस्तान युद्ध पेटल्यावर, ४ डिसेंबरला. परिषद नकाराधिकाराने अडली आणि ७ डिसेंबरला आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदीचा ठराव केला. माणसे पळत होती तोवर तो पाकिस्तानचा अंतर्गत प्रश्न होता. सैन्ये हलल्यावर तो जगाचा झाला. जगाच्या भाषेत सीमा हे कर्तृपद होते आणि माणूस अव्यय.

त्या युद्धाचा शेवट मध्य प्रदेशाने जवळून पाहिला. जबलपूरच्या छावणीत, सदर हा ज्या छावणीचा जुना बाजार, शरण आलेल्या जनरल नियाझींना युद्धकैदी म्हणून ठेवले होते. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराची १४३ कलमे त्यांच्या बाजूला होती : अन्न, पत्रव्यवहार, हुद्द्याचा मान, परतपाठवणी. त्याच काळी, त्याच राज्यात, रायपूरजवळ माना येथे पूर्व बंगालचे निर्वासित राहत होते. त्यांच्या बाजूला शासनाची दया होती. 'शरण आलेला' आणि 'शरणार्थी' हे एकाच धातूचे शब्द. पण पहिल्याला हक्क मिळाले आणि दुसऱ्याला शिधा. कैद्यांना हक्क मिळाले हे योग्यच झाले. प्रश्न असा की, शस्त्र खाली ठेवणाऱ्याचा जो दर्जा जगाने निश्चित केला, तो शस्त्र कधीच न उचलणाऱ्यासाठी का निश्चित होऊ नये?

यावर असे म्हटले जाईल की, कायद्यावाचून भारताने एक कोटी माणसे जगविली आणि सह्या करणाऱ्या धनिक राष्ट्रांना ते जमले नसते. हे खरे आहे आणि ते लहान कर्तृत्व नव्हे. १९७२ च्या पहिल्या काही महिन्यांत त्यांतील बहुसंख्य माणसे परतलीही. परंतु दयेचा आधार देणाऱ्याच्या मनःस्थितीवर उभा असतो. मन पालटले की तीच माणसे, तीच भुकेली, ओझे म्हणून वर्णिली जातात. तेव्हा उपयोगी पडते ती त्यांच्या स्वतःच्या तोंडची साक्ष.

ती साक्ष उपलब्ध आहे. वळिवड्यात वाढलेल्या मुलांनी प्रौढपणी पोलिश आणि इंग्रजीत आठवणी लिहिल्या. सिंधीत आणि बंगालीत तर अशा लेखनाची परंपराच आहे. हे लेखन मराठीत आणताना अनुवादकापुढे पहिला पेच 'निर्वासित' या शब्दाचाच येईल. मूळ वाक्यात कोणी घालविले हे सांगितले असेल, तर मराठी वाक्यातही तो कर्ता उभा राहिला पाहिजे, मग वाक्य कितीही खडबडीत होवो. ज्या वाक्यात निर्वासित स्वतः बोलतो आणि आपल्या घराचे गाव नाव घेऊन सांगतो, ते वाक्य मराठीने ऐकावयास शिकणे, ही या विषयावरील मराठी साहित्याची पहिली जबाबदारी होय.