दोहद : इच्छा कोणाची, वाचा कोणाची?

गर्भिणीच्या डोहाळ्यांचा भारतीय कथावाङ्मयाच्या अंगाने पद्धतशीर विचार मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १९२० साली अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात केला. दोहदाचे त्यांनी सहा वर्ग कल्पिले : पतीला अपायकारक, त्याच्या पराक्रमास वा चातुर्यास निमित्त होणारे, धर्माचरणाकडे वळणारे, केवळ अलंकरणात्मक, स्त्रीने बतावणीने सांगितलेले आणि तिला चकवून शमविलेले. कथाघटकांच्या अभ्यासात हा प्रयत्न मोलाचा आहे. परंतु या वर्गीकरणाचे गमक दोहदाचे कथानकातील कार्य हे आहे. गर्भिणीच्या मनःस्थितीला त्यात स्वतंत्र स्थान उरत नाही.

ही उणीव किती मोठी आहे, हे ‘रघुवंशा’तील दोन प्रसंगांवरून ध्यानात येते. तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा लज्जेमुळे आपली इच्छा बोलून दाखवीत नाही. दिलीप ती तिच्या सख्यांना विचारतो. चौदाव्या सर्गात राम विचारतो आणि सीता सांगते : भागीरथीतीरीची तपोवने पुन्हा पाहावीत, एवढेच तिचे मागणे. लोकापवाद कानी येताच तेच मागणे तिच्या त्यागाचे निमित्त ठरते. एक बोलत नाही. दुसरी बोलते आणि तिचे बोलणे तिच्यावरच उलटते. कार्यानुसारी वर्गीकरणात हा भेद हाती लागत नाही.

मराठीतील शब्दप्रयोगही येथे उद्बोधक आहेत. स्त्रीला ‘दिवस जातात’, डोहाळे ‘लागतात’, आणि ते ‘पुरवितात’ इतर. तिन्ही ठिकाणी गर्भिणी कर्ता नाही. अर्थात भूक, भीती, आनंद यांविषयीही मराठी अशीच रचना योजते. तेव्हा केवळ व्याकरणावरून समाजमनाचा निष्कर्ष काढणे युक्त होणार नाही. लक्षणीय गोष्ट निराळी आहे. गर्भिणीच्या इच्छेला मराठीत स्वतंत्र शब्द आहे, डोहाळजेवणासारखा समारंभही आहे. तिच्या भयाला व उदासीनतेला तितका रूढ शब्द नाही, समारंभ तर नाहीच.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नव्हे. स्कॉटलंडमध्ये सिद्ध होऊन १९८७ साली प्रसिद्ध झालेली एडिंबरा प्रश्नावली प्रसूतीनंतरच्या विषण्णतेसाठी रचलेली असली, तरी आज गरोदरपणातही वापरली जाते. तिच्यातील दहा विधाने प्रथमपुरुषी आहेत. म्हणजे उत्तर सख्यांनी नव्हे, स्त्रीने स्वतः द्यावयाचे असते. ‘काय खावेसे वाटते?’ हा प्रश्न मराठी घराला पाठ आहे. ‘कशाची भीती वाटते?’ हा प्रश्न जोवर दोहदाच्या अभ्यासात येत नाही, तोवर तो अभ्यास इच्छेचा राहील, इच्छा करणारीचा होणार नाही.