वारीतील नेतृत्व आणि स्वयंशासन : तीन लेखनांच्या आधारे

स्वेच्छेने एकत्र आलेल्या माणसांच्या समुदायास नेता आवश्यक असतो, की तो आपले व्यवहार आपणच सांभाळू शकतो, हा प्रश्न समाजशास्त्रात जुना असला तरी निकालात निघालेला नाही. वेतन नाही, शिक्षेचा अधिकार नाही, येणाऱ्यास कोणी बोलावीत नाही आणि जाणाऱ्यास कोणी अडवीत नाही, असा समुदाय महाराष्ट्रात शोधावयाचा झाल्यास पंढरीच्या वारीइतके मोठे उदाहरण सापडणे कठीण. त्याचे लहान रूप मावळातल्या गावोगावी दिसते. देहू आणि भंडाऱ्याचा डोंगर यांच्या आसमंतातील नवलाख उंबरे, सुदुंबरे, इंदुरी यांसारख्या गावांना हरिनाम सप्ताह नवा नाही. सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नाही, एवढाच मुख्य नियम. पहाऱ्याची पाळी संपली तरी दुसऱ्याने वीणा गळ्यात घेतल्यावाचून पहिल्याने ती उतरवावयाची नाही. देखरेखीस कोणी नसतो. तरी मध्यरात्रीच्या पाळीचा माणूस झोपेतून उठून येतो.

या व्यवस्थेचे मर्म कशात आहे, याचा विचार करताना तीन लेखने हाताशी घ्यावी लागतात : इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातील 'वाटचाल' हा लेख, फ्रेंच जेझुइट अभ्यासक जी. ए. देल्युरी यांचा डेक्कन कॉलेजने १९६० साली प्रसिद्ध केलेला 'द कल्ट ऑफ विठोबा' हा ग्रंथ, आणि दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' (१९६४). तिघेही वारीबरोबर चालले. मात्र तिघांची दृष्टी भिन्न आहे.

देल्युरी यांचे लक्ष रचनेकडे आहे, आणि रचना खरोखर लक्ष देण्याजोगी आहे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास देहूहून पालखी सुरू केल्याचे परंपरा सांगते. आळंदीच्या सोहळ्यास आजचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी दिले. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी राहिलेले. त्यामुळे अश्व, तंबू, चोपदार, दिंड्यांचा ठरलेला क्रम ही सारी लष्करी मुक्कामाची शिस्त वारीत आली, असे म्हणावयास हरकत नाही. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे. प्रत्येकीची जागा नेमलेली. दिंडीत विणेकरी एक, त्याच्या मागे मृदंगी व टाळकरी. कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणावयाचे हे भजनी मालिकेने ठरविलेले. त्यामुळे भजनाचा क्रम ठरविण्याचा अधिकार कोणा व्यक्तीच्या हाती उरतच नाही.

सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणची समाज आरती. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतो आणि क्षणात टाळमृदंग थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याजवळ जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, मग तेही टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते आणि आरतीस आरंभ होतो. लाखांच्या समुदायातील तंटा काही मिनिटांत, सर्वांच्या देखत आणि एका पैच्या खर्चावाचून मिटविण्याची ही रीत आहे. चोपदारास नेता म्हणणे कठीण. त्याच्याजवळ चोपाखेरीज काही नाही, आणि चोपाचे बळ ते मानणाऱ्यांच्या संमतीत आहे. फडांना प्रमुख असतात, सोहळ्याला मालक असतात, देवस्थानाला विश्वस्त असतात, हे खरे. परंतु अधिकार इतका वाटला गेला आहे की अवघ्या वारीचा असा एक अधिपती दाखविता येत नाही.

मोकाशींच्या पुस्तकाची योग्यता वेगळ्या प्रकारची आहे. ते श्रद्धाळूच्या भूमिकेतून लिहीत नाहीत. कथाकाराचे कुतूहल घेऊन ते दिंड्यादिंड्यांतून हिंडतात आणि माणसे बोलती करतात. नियमाने आखलेल्या चौकटीत माणसे प्रत्यक्षात कशी वागतात, हे पाहावयाचे असल्यास 'पालखी' वाचल्यावाचून गत्यंतर नाही. रचनेचा विचार मात्र त्यांच्या पुस्तकात मागे पडतो. कथाकाराकडून त्याची अपेक्षाही करू नये.

स्वयंशासनाच्या प्रश्नावर खरा बोट ठेवणारा लेख कर्वे यांचा आहे, आणि तो तिन्हींत सर्वांत लहान आहे. एकाच वाटेवर, एकाच तोंडाने संतांचे अभंग म्हणत चालणारी माणसे मुक्कामावर जातीजातींच्या पंक्ती वेगळ्या का मांडतात, हा प्रश्न त्यांना चालताना छळतो. या लेखाचे इंग्रजी रूप १९६२ साली प्रसिद्ध झाले. पुढे व्हिक्टर टर्नर यांनी यात्रांवरील आपल्या विवेचनात देल्युरी आणि कर्वे या दोघांचाही आधार घेतला. यात्रेत भेद गळून पडतात आणि 'कम्युनिटास' म्हणजे निर्विशेष समभाव निर्माण होतो, हा टर्नर यांचा सिद्धान्त. पण कर्वे यांच्या वेगळ्या चुली त्यात सहजी बसत नाहीत.

वारीच्या गौरवपर लेखनात नेमकी हीच गोष्ट निसटते. समाज आरतीत तंटा मिटतो तो ठरलेल्या नियमाच्या आधारे. नियमच चुकीचा असेल तर त्याचे गाऱ्हाणे टाळ वाजवून कोणापुढे मांडावे? चोपदार जागेचा वाद सोडवील; पंगत बदलणे त्याच्या हाती नाही, तसे ते कोणाच्याच हाती नाही. जेथे अधिकारी नसतो तेथे जुलूम करणारा कोणी दिसत नाही, त्याचप्रमाणे ज्याच्याकडे दाद मागावी असाही कोणी दिसत नाही. चोखोबांच्या अभंगांना भजनात मान आणि चोखोबांच्या जातीला मंदिराचे दार बंद, ही स्थिती शतकानुशतके टिकली. ती मोडण्यास मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले, आणि त्याच वर्षी मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. वारकऱ्यांत या प्रश्नी दोन पक्ष होते. परंतु निर्णय फडावर किंवा आरतीच्या रिंगणात झाला नाही. तो बाहेरून, एका माणसाच्या आग्रहाने आणि शासनाच्या बळाने आला. बडवे-उत्पातांच्या अधिकारांचा शेवट तर १९७३ चा कायदा आणि त्यानंतर २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एवढा पल्ला गाठून झाला.

स्वित्झर्लंडमधील कुरणे, स्पेनमधील पाटबंधारे आणि जपानमधील गावरानांचा अभ्यास करून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली स्वयंशासित समुदायांची जी लक्षणे सांगितली, त्यांत तंटे स्वस्तात मिटविण्याची सोय आहे. तसेच ज्यांना नियम लागू होतो त्यांना तो बदलण्यात भाग घेता यावा, अशीही एक अट आहे. पहिले लक्षण वारीत इतके उत्तम आढळते की दुसऱ्याचा अभाव झाकला जातो. देल्युरी यांच्या ग्रंथातील रचनेचे वर्णन वाचताना वाचकाचेही तसेच होते. म्हणून नेता हवा की नको हा प्रश्न वारीपुरता तरी दोन भागांत विचारला पाहिजे : नित्याचा क्रम राखण्यास तो लागत नाही; क्रम तपासून पाहण्यास आजवर कोणीतरी उभे राहावे लागले आहे.

मावळातील सप्ताहाचा अभ्यासही याच अंगाने करता येईल. वीणा हातोहात फिरू लागल्यावर ती कोणी कोणाच्या गळ्यात घातली हे पाहणे सोपे आहे. पहाऱ्याची यादी त्याआधी होते. ती कोणाच्या ओसरीवर बसून लिहिली जाते, कोणत्या आळीतील नावे तीत आपोआप येतात आणि कोणास नाव घालण्याविषयी विचारावे लागते, हे त्या यादीवरून समजेल. बायकांच्या पाळ्या तीत आहेत की नाहीत, हेही.