हौदातली माकडीण, लवूळचे वानर आणि माडगूळकरांचं ‘सत्तांतर’

फोनवर ‘सत्तांतर’ असं टाइप करून बघा. आधी सुरत येतं, मग गुवाहाटी, मग जून 2022 च्या बातम्यांची रांग. बरंच खाली सरकत गेलं की एका छोट्या कादंबरीचं मुखपृष्ठ दिसतं. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1982 ची. 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिच्यात एकही आमदार नाही, सगळी वानरं आहेत. तरी तिच्याबद्दल कुणी बोलायला लागलं की दुसऱ्या वाक्यात ‘आजच्या राजकारणालाही किती लागू पडते’ हे येतंच. मला हे वाक्य आताशा खटकतं. का खटकतं ते सांगायचं तर आमच्या गल्लीतल्या एका सकाळीपासून सुरुवात करावी लागेल.

मी सातपूरला अशोकनगरमध्ये राहतो. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला त्र्यंबक रोड. हाच रस्ता पुढे अंजनेरीला जातो. हनुमानाचा जन्म तिथला, अशी आमच्याकडची श्रद्धा. (2022 च्या मे अखेरीस तो अंजनेरीचा की किष्किंधेचा यावर नाशिकमध्ये साधूंची सभा भरली आणि भांडणात मोडली. वानरांना यातलं काही कळवलं गेलं नसावं.) अंजनेरी-त्र्यंबकच्या बाजूला माकडं रोजची, आमच्या गल्लीत मात्र वानर क्वचित. जानेवारी 2022 मध्ये एक आला. काळतोंड्या, मोठा नर, एकटाच. समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीवर बसला होता. महिनाभरापूर्वीच बीड जिल्ह्यातल्या लवूळची बातमी सगळ्यांनी बघितली होती. कुणीतरी ओरडलं, ‘अरे, बीडवाला आला!’ आणि आम्ही सगळे हसलो. मग दगड आले, मग दिवाळीत उरलेला सुतळी बॉम्ब आला. दगड मारणाऱ्यांत मी होतो. वानरानं टाकीवरून शेजारच्या शेडवर उडी मारली, सिमेंटचा पत्रा फुटला आणि तो आत पडला. बाहेर आला तेव्हा डावा हात छातीशी धरलेला होता. भिंतीवरून नाल्याकडे गेला, पुन्हा दिसला नाही.

माझ्याकडे अकरा सेकंदांचा व्हिडिओ आहे.

लवूळचं काय झालं होतं, ते आठवू या. माजलगाव तालुक्यातलं हे गाव डिसेंबर 2021 मध्ये जगभर पोचलं. बातमी अशी होती: कुत्र्यांनी वानराचं एक पिल्लू मारलं, त्याचा सूड म्हणून वानरांनी गावातली अडीचशे कुत्र्याची पिल्लं उंचावर नेऊन खाली टाकली. नागपूरहून आलेल्या वनखात्याच्या पथकानं दोन वानर पकडले. तोवर मीम्सचा पाऊस पडून गेला होता. ‘माकड विरुद्ध कुत्रा’ असं युद्ध, दोन्हीकडचे सेनापती, बदल्याची शपथ, सगळं तयार. तो अडीचशेचा आकडा कुणी कसा मोजला, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. मलाही नाही.

ही बातमी एक गोष्ट म्हणून वाचली तर तिची बांधणी पक्की आहे. गुन्हा, दुःख, बदला. कुठल्याही दक्षिणी सिनेमाचा मध्यंतरापर्यंतचा भाग. म्हणूनच ती धावली. पण वानरांबद्दल जे थोडंफार नीट माहीत आहे, ते शेजारी ठेवलं की ती डळमळायला लागते.

वानरांच्या टोळीत नवं पिल्लू जन्मलं की बाकीच्या माद्या ते आईकडून घेतात. हातोहात फिरवतात, चाटतात, पळवूनही नेतात. तरुण, अजून आई न झालेल्या माद्यांना याचं भारी वेड. त्या पिल्लू उलटंसुलटं धरतात, कंटाळल्या की सोडून देतात. वानराचं पिल्लू यातून तगतं, कारण मुळात धरण्याचं काम त्याचं असतं. जन्मल्यापासून त्याच्या मुठीत केस घट्ट पकडण्याची ताकद असते. आई उडी मारते तेव्हा ती पिल्लाला धरत नाही, पिल्लू तिला धरतं. आता तिथं कुत्र्याचं पिल्लू ठेवा. त्याला मूठच नाही. झाडावर नेलं आणि हात सुटला, की संपलं. गच्चीवर ठेवून वानर निघून गेला, तर ते उपाशी मरणार. लवूळमध्ये नेमकं हेच घडलं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. मी तिथं नव्हतो आणि पकडलेल्या वानरांचं मन कुणी वाचलेलं नाही. पण सूडाची गोष्ट सांगणाऱ्यांनीही ते वाचलेलं नव्हतं. शिवाय सूडाला फार काही लागतं: कुणी मारलं ते लक्षात ठेवणं, एका कुत्र्याचा गुन्हा साऱ्या कुत्र्यांच्या नावे लिहिणं, आणि महिनोन् महिने तो हिशेब चालू ठेवणं. या तिन्ही गोष्टी माणसाला अगदी सहज जमतात. दंगलीच्या कुठल्याही बातमीत बघा.

1944 मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोघांनी एक साधा प्रयोग केला. एक छोटी फिल्म: दोन त्रिकोण, एक वर्तुळ, एक उघडझाप होणारी चौकट. आकृत्या नुसत्या इकडेतिकडे सरकतात. ‘काय दिसलं?’ असं 34 जणांना विचारलं. मोठा त्रिकोण गुंड आहे, छोटा धाडसी आहे, वर्तुळ घाबरलंय, अशा गोष्टी बहुतेकांनी सांगितल्या. फक्त एकानं ‘आकृत्या सरकल्या’ एवढंच लिहिलं. (हा एक माणूस कसा असेल, याचा मी बराच विचार केलाय. लग्नात त्याच्या शेजारी जेवायला बसावंसं वाटत नाही.) त्रिकोणातही हेतू शोधणारं आपलं डोकं; त्याच्यापुढे डोळे, हात आणि भुवया असलेला वानर आला तर ते थांबणार कसं?

मराठी घरांत ही सवय लहानपणीच लागते. बिरबलाच्या नावावर सांगितली जाणारी हौदातल्या माकडिणीची गोष्ट आठवते? हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू. पाणी चढतं तशी ती पिल्लाला कडेवर घेते, मग खांद्यावर, मग डोक्यावर. शेवटी पाणी नाकाशी येतं आणि ती पिल्लाला पायाखाली घालून वर उभी राहते. निष्कर्ष: जगात स्वतःच्या जिवापेक्षा प्रिय काही नाही. मला ही गोष्ट दुसरीत असताना सांगितली गेली आणि मी तीनेक दिवस आईकडे संशयानं बघत होतो. तिच्यातली माकडीण म्हणजे एका युक्तिवादाचं प्यादं आहे. खऱ्या माद्यांची नोंद उलटीच सांगते. वानरांत आणि माकडांत मेलेलं पिल्लू आई दिवसेंदिवस छातीशी धरून फिरते, हे अनेक अभ्यासकांनी पाहिलंय. पिल्लू आता धरत नसतं, म्हणून ती एका हातानं ते सांभाळते आणि तीन पायांवर चालते. ती दुःखी असते का? मला वाटतं, असावी. पण ‘वाटतं’ आणि ‘असते’ यांच्या मधल्या फटीतच माडगूळकरांची कादंबरी उभी आहे. टाकीवरचा वानर गेल्यावर आठवड्याभरात मी ती वाचली, खरं सांगायचं तर अपराधीपणानं.

‘सत्तांतर’मध्ये माणसं जवळजवळ नाहीतच. टोळ्या आहेत, त्यांची हद्द आहे, एका नराची जागा दुसरा घेतो, आणि मग जुन्याची पिल्लं मारली जातात. हे कल्पित नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धारवाडजवळच्या जंगलात हे पाहिलं. नरांच्या एका टोळक्यानं हुप्प्याला हाकललं, त्यातल्या एकानं टोळी ताब्यात घेतली आणि पुढच्या काळात अंगावरची पिल्लं मेली. (त्याच वर्षांत त्याच धारवाडला जी. ए. कुलकर्णी राहत होते. नियतीवर आयुष्यभर लिहिणारा माणूस आणि ही टोळी, मध्ये काही मैल.) त्याआधी फिलिस जे या संशोधिकेनं उत्तर आणि मध्य भारतात वानर पाहिले होते आणि तिला ते बऱ्यापैकी शांत प्राणी वाटले होते. त्यामुळे धारवाडची हत्या म्हणजे गर्दीनं बिघडलेल्या जनावरांचा विकार, असं बरेच जण म्हणत. सारा हर्डी 1971 मध्ये अबूच्या पहाडावर गेली ती हाच अंदाज तपासायला. परतली ती वेगळंच घेऊन. 1977 च्या तिच्या पुस्तकात मांडणी अशी: टोळीवर नराचा ताबा सरासरी दोन-सव्वादोन वर्षंच टिकतो. दूध पाजणारी मादी लवकर माजावर येत नाही. पिल्लू गेलं की येते. म्हणजे आधीच्याची पिल्लं मारणाऱ्या नराची स्वतःची पिल्लं जास्त उरतात. यावर खूप वाद झाला, पण मुद्दा टिकला.

यातली अंगावर येणारी गोष्ट अशी, की नराला यातलं काहीच माहीत असण्याची गरज नाही. त्याला वारस, वंश, मुदत काही कळत नसेल. आपल्याला गोड का आवडतं, हे आपल्याला तरी कुठे माहीत असतं? जिलबी दिसली की हात जातो, कारण मागच्या लाखो वर्षांत लिहून ठेवलंय. हत्या आहे आणि खुनी नाही, अशी ही जागा. सूडाच्या गोष्टीत ती मावत नाही. तिच्यासाठी वेगळी कादंबरी लागते.

माडगूळकर ही जागा बऱ्याच अंशी सांभाळतात. वानरांना ते शरीरावरच्या खुणांवरून नावं देतात, गावात माणसांना टोपणनावं पडतात तशी. रानात बसणारे संशोधकही असंच करतात, कारण ओळखायचं कसं हा प्रश्न दोघांचा सारखाच. ‘बनगरवाडी’ लिहिणाऱ्या माणसाची नजर इथं कामाला येते: कोण कुठे बसलंय, काय खातंय, वारा कुठून येतोय. वानर मनातल्या मनात लांबलचक बोलत बसत नाहीत. पंचतंत्रापासून चालत आलेली बोलक्या जनावरांची आपली परंपरा बघता हा संयम मोठा आहे. मराठीत प्राण्यावर इतकं कमी लादून कादंबरी लिहिणारे फार नाहीत.

मात्र शीर्षकाशी माझं भांडण आहे. ‘सत्तांतर’ म्हटलं की वाचकाच्या हातात किल्ली दिली जाते, आणि वाचक ती मंत्रालयाच्या कुलपाला लावतो. मग मेलेलं पिल्लू हे पिल्लू राहत नाही, ते कार्यकर्ता होतं. दुसरं म्हणजे, सत्ता कुणाची? वानरांची टोळी टिकते ती माद्यांवर. आजी, मावश्या, मुली त्याच रानात राहतात, नर येतात आणि जातात. तिच्या बाजूनं बघितलं तर हे सत्तांतर नव्हे, आणखी एक नर आला एवढंच. हर्डीच्या पुस्तकातल्या माद्या नुसत्या रडत नाहीत. त्या एकजुटीनं नरावर धावून जातात. बाहेरच्या नरांशीही जुगतात, म्हणजे कुठलं पिल्लू कुणाचं हे कोड्यात राहावं. आधीच गाभण असलेली मादीही नव्या नरापुढे माजावर आल्यासारखी वागते. हा डाव कुणी आखलाय का? नसेल. तरी डाव आहे. कादंबरीचं नाव या बाजूनं ठेवलं असतं तर काय झालं असतं, हे मला राहून राहून वाटतं.

यावर कुणी म्हणेल, अरे, प्राण्यांत राजकारण असतंच की. बरोबर. फ्रान्स द वाल यांचं ‘चिंपांझी पॉलिटिक्स’ नेमकं 1982 मध्येच आलं, नेदरलंड्समधल्या आर्नमच्या प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींवर. एकाच वर्षी दोन माणसं, एकमेकांपासून हजारो किलोमीटरवर, माकडवंशीयांच्या टोळीकडे बघून राजकारणाचा शब्द वापरतात, हे मला फार आवडतं. पण द वाल यांच्या म्हणण्याचा ओघ उलटा आहे: राजकारण माणसाहून जुनं आहे, आपण ते आणलेलं नाही, आपल्याकडे ते आलंय. आपली समीक्षा मात्र वानराला आमदाराचं रूपक करते आणि वानराला विसरते. रूपक झालेल्या प्राण्यावर दगड मारणं सोपं जातं. मी मारला तेव्हा टाकीवर वानर नव्हताच, ‘बीडवाला’ होता.

एकटा मोठा नर गावात का येतो? तो टोळीतून हाकललेला असू शकतो, किंवा अजून टोळी न मिळालेला. ‘सत्तांतर’ वाचल्यावर मी त्याला लगेच पदच्युत राजा करून टाकलं आणि मला बरंही वाटलं. मग लक्षात आलं, मी पुन्हा तेच करतोय, फक्त यावेळी गोष्ट त्याच्या बाजूची आहे. एवढा फरकही कमी नाही, असं माझं मत. चूक करायचीच असेल तर मी दगड न मारणारी चूक निवडीन.

तो व्हिडिओ मी अजून पुसलेला नाही. सातव्या सेकंदाला तो सरळ कॅमेऱ्यात बघतो. पहिल्यांदा मला त्यात राग दिसला होता, कादंबरीनंतर दुःख दिसायला लागलं. मग कुठेतरी वाचलं, की वानरांमध्ये सरळ डोळ्यांत बघणं ही धमकी असते. ते वाचल्यावर व्हिडिओत मी पहिल्यांदाच आमच्याकडे बघितलं. कडेला काचेच्या खिडकीत आमचं प्रतिबिंब आहे. सात-आठ जण, सगळे मान वर करून त्याच्याकडे टक लावून उभे.