लेखकांना हसणारे लेखक

केशवराव कोठावळे यांनी १९६४ साली 'ललित' मासिक सुरू केलं. या मासिकातून 'ठणठणपाळ' नावाचा इसम 'घटका गेली, पळे गेली' हे सदर वर्षानुवर्षं लिहीत राहिला. पुस्तकं, प्रकाशक, संमेलनं, सत्कार, परिसंवाद, पुरस्कार हा त्याचा मुलूख. लेखकांची खरी नावं घेऊन तो त्यांची फिरकी घेई. सदरात नाव आलं की लेखक रागावत आणि नाव आलं नाही की हिरमुसत, असं तेव्हा सांगितलं जाई. हा ठणठणपाळ म्हणजे 'चक्र' आणि 'पुरुष' लिहिणारे जयवंत दळवी. त्याला चेहरा दिला तो वसंत सरवटे यांच्या रेषेनं.

त्या तोलाचं सदर आज मराठीत मला दिसत नाही. विनोद आटला आहे असं मात्र नाही. 'सकाळ'मध्ये ब्रिटिश नंदी 'ढिंग टांग'मधून पुढाऱ्यांना चिमटे काढतात. 'चला हवा येऊ द्या' आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' हे कार्यक्रम घराघरांत पोचले. तरुण मुलं मराठीत स्टँडअप करतात. राजकारण, लग्न, लोकल, सोसायटीची मीटिंग या सगळ्यांवर हसणारा मराठी माणूस साहित्याच्या दारात आला की मात्र चपला काढून गंभीर होतो. साहित्यानं स्वतःवर हसण्याची आपली जुनी कला कुठे अडली, हा प्रश्न मला छळतो, कारण ती कला नुसती करमणूक नव्हती. समीक्षेचं अर्धं काम ती करत असे.

या कलेची सुरुवात फार वरच्या दर्जाची होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे' लिहून मराठी विनोदी निबंधाला घर बांधून दिलं. त्यांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' या नावानं 'कवींचा कारखाना' लिहिला आणि कविता जुळवण्याच्या ठरीव रीतींचा, तयार साच्यांचा समाचार घेतला. हेच गडकरी 'गोविंदाग्रज' या नावानं मनापासून कविता लिहीत होते. ज्या धंद्याची त्यांनी चेष्टा केली तो त्यांचा स्वतःचा धंदा होता. त्यातले कच्चे धागे कुठे असतात हे त्यांना हाताच्या सवयीनं ठाऊक होतं. १९१९ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी ते गेले, पण कवीची टिंगल सर्वांत चांगली कवीच करू शकतो, हे तोवर त्यांनी सिद्ध केलं होतं.

प्र. के. अत्रे यांनी 'केशवकुमार' होऊन 'झेंडूची फुले' लिहिली ती याच जाणिवेतून. रविकिरण मंडळाच्या कवितेतले लाडके शब्द, गूढ उसासे, ठरलेली प्रेमं त्यांनी त्याच वृत्तांत, त्याच लयीत पकडली. केशवसुतांच्या 'आम्ही कोण?' या कवितेलाही त्यांनी सोडलं नाही. विडंबनाला कारागिरी लागते. मूळ कवितेइतकंच वृत्त चोख हवं, यमक जागच्या जागी बसायला हवं. फक्त आतला ऐवज बदललेला असतो. आणि ते वाचणाऱ्यालाही मूळ कविता पाठ असावी लागते. अत्र्यांच्या वाचकांना ती पाठ होती. शाळेतून, नाट्यगृहातून, मासिकांतून कविता लोकांच्या जिभेवर बसलेली होती.

लेखकाच्या आयुष्यातला विनोद लेखकांपेक्षा त्यांच्या घरच्यांनी जास्त खरा टिपला आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३६) हे कवीच्या संसाराचं मराठीतलं सर्वांत थोर चित्र आहे, असं मी मानतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा उतावळा उदारपणा, त्यांचा राग, घरात आलेला पैसा बाहेर जाण्याचा वेग, हे सगळं त्या हसत सांगतात. त्या हसण्यात तक्रार विरघळलेली असते आणि प्रेम तळाशी राहतं. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं. म्हणजे कवीला हसणारी बाई त्याचं काव्यही पुढे नेऊ शकत होती. १९९० मध्ये सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' आलं. तिथे स्वर वेगळा, धारदार; पण लेखकाच्या कीर्तीची किंमत घरात कोण मोजतं, हा प्रश्न तोच. विनोदी दिवाळी अंकांनी बायकोला वर्षानुवर्षं चेष्टेचा विषय केलं, त्याच काळात ही दोन पुस्तकं लेखकाकडे उलट्या बाजूनं पाहत होती. मंगला गोडबोल्यांसारख्या लेखिकांनी ही उलटी नजर विनोदी लेखनात रुजवली, हे आपण पुरेसं मोजलेलं नाही.

आता पैशाकडे येऊ. कोल्हटकर वकील होते. चिं. वि. जोशी बडोद्यात पालीचे प्राध्यापक होते. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत आणि द. मा. मिरासदारही प्राध्यापकी करत. मराठी लेखकाचा संसार लेखणीवर चालला आहे असं फार क्वचित घडलं. आजचा हिशेब साधा आहे. तीनशे रुपयांचं पुस्तक, हजार प्रतींची आवृत्ती, दहा टक्के मानधन धरलं तर आवृत्ती संपल्यावर लेखकाच्या हाती तीस हजार रुपये येतात. ती आवृत्ती संपायला चार-पाच वर्षं लागली तर महिन्याला पाचसहाशे रुपये पडतात. दिवाळी अंकाचं मानधन पुढच्या दिवाळीपर्यंत न मिळाल्याचा अनुभव माझ्यासह अनेकांना आहे.

पैसा नसतो तिथे दुसरं चलन चालतं. साहित्यात ते चलन मानाचं आहे. अध्यक्षपद, पुरस्कार, प्रस्तावना, पाठराखण, निमंत्रणपत्रिकेवरचं नाव हीच कमाई. मग त्या मानावर कोणी हसलं की ते नुसतं हसणं राहत नाही; ज्याच्या गाठीला दुसरं काही नाही त्याची तेवढी शिल्लक कोणीतरी उचलून नेल्यासारखं वाटतं. परीक्षक, समीक्षक, संपादक आणि मित्र ही चारही कामं तीच तीच माणसं आलटूनपालटून करतात. आज ज्याची चेष्टा करायची त्याच्याकडेच उद्या प्रस्तावना मागायची असते.

पण हे तर पूर्वीही होतं. साहित्यिकांच्या मेळाव्यांचा मान नाकारण्याची परंपराच मुळी जुनी आहे: १८८५ साली जोतीराव फुल्यांनी ग्रंथकारांच्या सभेला जाणं नाकारलं आणि त्या पत्रात उच्चवर्णीय ग्रंथकारांचा खरमरीत उपहास केला. साठोत्तरी काळात भालचंद्र नेमाड्यांनी लेखकाचा 'लेखकराव' कसा होतो हे विचारलं आणि मराठीला एक कायमचा शब्द दिला. राजा ढाल्यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहून प्रतिष्ठित मासिकाची मिरास उघडी पाडली. त्यांच्या उपहासात दळव्यांचा मिस्कीलपणा नव्हता, संताप होता, कारण ते आतल्या गोटातले नव्हते. दारात ताटकळलेल्या माणसाचं हसू घरातल्यासारखं सैल नसतं. या दोन्ही प्रकारांनी मराठीचं भलंच केलं.

मग तेव्हा जे जमलं ते आता का जमत नाही? विनोदाला तिसरा माणूस लागतो. एक हसवणारा, एक ज्याच्यावर हसायचं तो, आणि दोघांनाही ओळखणारा वाचक. हसवणाऱ्याला बळ मिळतं ते या तिसऱ्याकडून. तो सोबत असला की रागावलेल्या लेखकालाही हसून घ्यावं लागतं. गडकरी, अत्रे, दळवी यांच्या मागे हा तिसरा उभा होता. आज साहित्याच्या खोलीतून तो उठून गेला आहे. जे उरले आहेत ते बहुतेक लिहिणारेच आहेत आणि ते एकमेकांकडे जपून पाहतात. म्हणून संमेलनावरचा विनोद आज मांडवाच्या खर्चाशी आणि जेवणावळीशी थांबतो. कुठल्या कवितेत शब्द नुसते सजवले आहेत, कुठली कादंबरी पुरस्कारावर डोळा ठेवून बेतली आहे, इथवर तो पोचत नाही. त्यासाठी ती कविता आणि ती कादंबरी श्रोत्यानं वाचलेली असावी लागते.

टीव्हीवरच्या प्रहसनांना मी कमी लेखत नाही. आठवड्याला नवा प्रसंग उभा करणारे लेखक अपार कष्ट करतात आणि त्यांची नावं शेवटच्या पाटीवर भरभर सरकून जातात. आजच्या लेखनजीवनाचं खरं वास्तव त्यांच्याकडे आहे. त्यांच्यातून उद्याचा ठणठणपाळ निघाला तर मला नवल वाटणार नाही. मात्र त्याला साहित्य वाचणारे लोक आधी मिळाले पाहिजेत.

ते मिळू शकतात, याची खूण मला एका महाविद्यालयातल्या कार्यशाळेत मिळाली. मी अत्र्यांचं 'आम्ही कोण?'चं विडंबन वाचून दाखवलं. मुलं माझ्या मानाखातर थोडी हसली. मग मी केशवसुतांची मूळ कविता वाचली, सावकाश, दोनदा. कवीनं स्वतःविषयी किती मोठा दावा केला आहे ते आम्ही बोललो. त्या दाव्याच्या उंचीनं वर्ग गप्प झाला होता. त्यानंतर विडंबन पुन्हा वाचलं. या वेळी पहिल्याच ओळीला मागच्या बाकावरून हसू फुटलं आणि ते पुढे सरकत माझ्यापर्यंत आलं. तास संपल्यावर एका मुलीनं केशवसुतांचं पुस्तक कुठे मिळेल, हे विचारलं.