टोपीखाली काय आहे?

सोलापुरी चादर मागावर विणली जाते, पण तिच्यावरच्या मोराचा किंवा फुलाचा हुकूम मागावर बसवलेल्या जकार्डकडून सुटतो. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ मध्ये हे यंत्र पुढे आणले. त्याची युक्ती सोपी आहे. ताण्याचे धागे आकड्यांना जोडलेले असतात. पुढ्यात आलेल्या पंचकार्डावर जिथे भोक असेल तिथला आकडा वर उचलला जातो, जिथे भोक नसेल तिथला खालीच राहतो. माग तोच राहतो आणि कार्डांची माळ बदलली की नक्षी बदलते. मूळ यंत्र न मोडता, वरून एक जोडणी बसवून त्याची ताकद वाढवण्याची ही कल्पना आपल्या विद्यार्थ्यांच्या अगदी गावातली आहे.

हीच कल्पना आज शाळेच्या टेबलावर छोट्या रूपात आली आहे. रास्पबेरी पाय हा हाताच्या पंजाएवढा, एकाच फळीवरचा संगणक फेब्रुवारी २०१२ मध्ये विक्रीस आला. जुलै २०१४ मध्ये त्याची ४० पिनांची सुधारित आवृत्ती निघाली आणि त्याच महिन्यात वर बसवायच्या बोर्डांसाठी नियमही ठरले. अशा बोर्डाला ‘हॅट’ म्हणतात, म्हणजे ‘हार्डवेअर अटॅच्ड ऑन टॉप’. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे रास्पबेरी पाय, आर्डुइनो यांसारखे बोर्ड सहावी ते बारावीच्या मुलांपर्यंत पोहोचले. तेव्हा ही टोपी शिक्षणाच्या दृष्टीने कितपत उपयोगी आहे, हे तपासणे आपले काम आहे.

आधी गुण पाहू. हॅटचे माप ६५ × ५६.५ मिलिमीटर ठरलेले आहे आणि स्क्रूची चार भोकेही ठरलेल्या जागी आहेत. मुख्य म्हणजे हॅटवर एक छोटी स्मृती-चिप असते. संगणक सुरू होताना २७ आणि २८ क्रमांकांच्या पिनांवरून ती वाचतो. बोर्ड कोणाचा आहे, त्याला कोणत्या पिना लागतात, हे त्याला कळते आणि तो त्याप्रमाणे तयारी करतो. आर्डुइनोवर बसणाऱ्या ‘शील्ड’ला अशी ओळख नसते. दोन शील्डना एकच पिन हवी असेल तर भांडण सोडवायचे काम आपल्यावर येते. शिवाय आर्डुइनोच्या ७ आणि ८ क्रमांकांच्या पिनांमधले अंतर नेहमीच्या ०.१ इंचाऐवजी ०.१६ इंच आहे. त्यामुळे बाजारातली साधी भोकांची फळी त्यावर सरळ बसत नाही. इतके शील्ड बनून गेले होते की हे अंतर पुढे तसेच ठेवावे लागले. या तुलनेत हॅटचे नियम विचारपूर्वक केलेले आहेत, हे मान्यच करायला हवे.

तक्रार वेगळीच आहे. अभियंत्याला जे अडथळे वाटतात, त्यातले बरेचसे शिक्षकाला धडे म्हणून हवे असतात. हॅट ते अडथळे दूर करते आणि धडाही सोबत नेते.

‘सेन्स हॅट’चे उदाहरण घ्या. २०१५ सालचा हा बोर्ड तापमान, दाब, आर्द्रता, चुंबकीय क्षेत्र आणि हालचाल मोजतो. तो आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही गेला. मूल एक ओळ लिहिते आणि पडद्यावर तापमान उमटते, दशांशानंतर भरपूर आकड्यांसह. हा आकडा मात्र खोलीच्या खऱ्या तापमानापेक्षा बहुधा जास्त असतो, कारण टोपीच्या खाली संगणकाचा प्रोसेसर तापलेला असतो. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, मुलांना तो जास्तीचा आकडाही खरा वाटेल. धोका इथेच आहे. आकडा चुकला म्हणून बिघडत नाही. त्याच्याविषयी शंका घ्यायला जागाच उरली नाही, तर मात्र बिघडते. गंमत म्हणजे याच बोर्डावर आर्द्रतेचा आणि दाबाचा असे दोन्ही सेन्सर तापमान सांगतात आणि त्यांची उत्तरे जुळतीलच असे नाही. दोन्ही शेजारी लिहून मुलांना फक्त ‘का?’ विचारले, तरी तासभर चर्चा चालेल.

दुसरा लपलेला धडा मोजमापाचा. रास्पबेरी पायच्या ४० पिनांपैकी एकीलाही कमी-जास्त होणारा व्होल्टेज मोजता येत नाही. त्यांना फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ कळते. १९८४-८५ च्या ‘क्लास’ प्रकल्पात भारतातल्या शाळांना मिळालेल्या बीबीसी मायक्रो संगणकाला असे चार मार्ग होते. आज तेच काम वेगळ्या चिपकडून करून घ्यावे लागते. हॅटवर ती चिप आधीच बसवलेली असते, म्हणून प्रश्नच पडत नाही. ती ब्रेडबोर्डवर स्वतः जोडली तर काय होते पाहा. एमसीपी ३००८ ही चिप ३.३ व्होल्टचे १०२४ भाग करते. म्हणजे एक पायरी सुमारे ३.२ मिलिव्होल्टची. एलएम ३५ हा सेन्सर दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. ४२ अंशांना ४२० मिलिव्होल्ट, म्हणजे चिपचा आकडा साधारण १३०. एक पायरी म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश अंश. मग पडद्यावरच्या ४२.१ आणि ४२.२ मधला फरक या मांडणीला दिसूच शकत नाही, हे नववीचा विद्यार्थी स्वतः काढून दाखवतो. अचूकतेविषयी पाठ्यपुस्तकातल्या पानभर मजकुरापेक्षा हे गणित अधिक शिकवते.

यावर शिक्षक मित्र म्हणतील, तास पस्तीस मिनिटांचा आणि वर्गात पन्नास मुले; सुट्या तारा निसटतात, एखादे मूल ५ व्होल्टची तार ३.३ व्होल्टच्या पिनेला लावते आणि बोर्ड कायमचा जातो. ही अडचण खरी आहे आणि हॅट तिच्यावरचा उपाय आहे. म्हणून टोप्या कपाटात बंद करा असे म्हणणे योग्य नाही. प्रश्न क्रमाचा आहे.

एक तरी राशी आधी ब्रेडबोर्डवर मोजून घ्यावी आणि हॅट नंतर द्यावी. मग तिने वाचवलेले श्रम मुलांना कळतात. खरेदी करताना ज्या बोर्डाचा सर्किट नकाशा मिळतो आणि ज्यावर पिनांची नावे छापलेली आहेत, तोच घ्यावा. सेन्स हॅट असेल तर प्रयोगशाळेतला साधा तापमापक शेजारी ठेवून दर पाच मिनिटांनी दोन्ही नोंदी घ्याव्यात. नंतर ४० तारांच्या पट्टीने हॅट संगणकापासून दूर नेऊन तोच प्रयोग पुन्हा करावा. आलेख काढला की टोपीखालची उष्णता कागदावर दिसते.

विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसणाऱ्यांनीही एक सवय लावून घ्यावी. ‘हे काय करते?’ याचे उत्तर सगळ्यांचे पाठ असते. ‘हा आकडा बरोबर आहे हे तू कशावरून ठरवलेस?’ असे विचारावे. ज्या मुलाने जोडणी समजून घेतली आहे, त्याच्याकडे उत्तर असेल. जकार्डच्या कार्डावरच्या भोकात बोट घालून कोणता धागा उठेल हे विणकर सांगू शकतो. तेवढी ओळख आपल्या विद्यार्थ्याची स्वतःच्या बोर्डाशी असावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.