ध्वनिमुद्रिकेतील अनाम साथीदार : श्रवणाधारित ओळखीच्या मर्यादा

नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांच्या बैठकीत एक उद्गार हमखास निघतो : ‘हा थिरकवांचा हात!’ खल्वायनसारख्या संस्थेमुळे संगीत नाटकाशी नाते टिकवून असलेल्या रत्नागिरीतही तो नवा नाही. प्रस्तुत लेखकानेही तो काढलेला आहे. तबकडीवरील कागदी चकतीवर गायकाचे, नाटकाचे, क्वचित रागाचे नाव असते. साथीदाराचे बहुधा नसते. ही उणीव कानाने भरून काढण्याची सवय समीक्षालेखनातही शिरली आहे. ती कितपत ग्राह्य मानावी, एवढाच येथील प्रश्न आहे.

येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. वाद्य कोणते, हा पहिला. वादक कोण, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कान बऱ्याच अंशी देऊ शकतो. पायपेटी किंवा ऑर्गन आणि हातपेटी यांतील भेद पाहू. हातपेटीत भात्याने दाबलेली हवा पट्ट्यांतून बाहेर पडते; ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते, म्हणून त्याचा स्वर अधिक गोल व मवाळ लागतो. शिवाय ऑर्गनचा भाता पायांनी चालतो. वादकाचे दोन्ही हात मोकळे असल्याने खालच्या सप्तकातील स्वर धरून वर गायकाचा पाठपुरावा करणे त्याला शक्य होते. हातपेटीवाल्याचा एक हात भात्यात अडकलेला. खर्जातील स्वर अखंड टिकून वरची स्वरावली स्वतंत्रपणे चालत असेल, तर ऑर्गनचे अनुमान सयुक्तिक ठरते.

दुसरा प्रश्न मात्र बिकट आहे. १९२५ साली विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि त्या दशकाच्या अखेरीस ते आपल्याकडे रुळले. तत्पूर्वी गायक कर्ण्यापुढे गात असे. साधारणतः २५० हर्ट्झखालील ध्वनी कर्णा फारच क्षीणपणे टिपी. डग्ग्याचा मूळ नाद याच्या पुष्कळ खाली आहे. म्हणजे डग्ग्यावरील मनगटाचा दाब, घिस्सा, घुमारा, ज्यांवरून जाणकार हात ओळखतो, तेच या मुद्रणांत जवळजवळ गळालेले असते. उरते ती चाटेवरची टिचकी. वरच्या उपस्वरांवरून न उमटलेला खर्ज मनात पुरा करण्याची कानाला सवय असते. त्यामुळे डग्गा ‘ऐकू येतो’ असे वाटते खरे, पण त्यात श्रोत्याचाच वाटा मोठा. शिवाय तबकडी मिनिटाला नेमकी ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेली असेलच असे नाही. चार फेऱ्यांच्या फरकाने स्वर जवळजवळ एका अर्धस्वराने सरकतो आणि लयही बदलते. अशा तबकडीवरून हाताच्या ‘तयारी’विषयी मत देणे धाडसाचे आहे.

आरंभीच्या अमेरिकन जॅझबाबतही हाच पेच आहे. खर्जाची बाजू ट्यूबाची की मोठ्या तंतुवाद्य बासची, हा वाद अभ्यासक आजही कानाने लढवतात. तेथील एक नोंद आपल्याला बोधप्रद आहे. किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदातील बिल जॉन्सन हा मुळात बासवादक; परंतु एप्रिल १९२३ मधील मुद्रणांत तो बँजो वाजवतो. रंगमंचावर ज्याच्या हाती जे वाद्य, तेच मुद्रणकक्षात असेल, हे गृहीतच तेथे कोसळते.

आपल्याकडे नेमके हेच गृहीत सर्रास वावरते. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा ही कीर्ती रास्तच आहे. पण ती नाट्यगृहातील साथीची कीर्ती. बालगंधर्वांच्या प्रत्येक तबकडीमागे हीच त्रयी बसवणे म्हणजे आठवणीलाच पुरावा मानणे होय. यात अन्यायही आहे. त्या दिवशी कर्ण्यासमोर दुसराच कोणी तबलजी बसला असेल, तर त्याचे आधीच न नोंदलेले नाव आपण थोराच्या नावाखाली दुसऱ्यांदा पुसतो. (हे थोरांनाही उपकारक नाही, एखादा सामान्य ठेका त्यांच्या खाती जमा होतो.)

म्हणून कान निकामी ठरतो असे नव्हे. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागावर कोरलेले मुद्रणक्रमांक लागोपाठचे असतील, तर त्या तबकड्या बहुधा एकाच बैठकीतील असतात. मायकेल किनिअर यांच्या १९९४ साली पॉप्युलर प्रकाशनाने काढलेल्या सूचीसारखी साधने अशा जुळणीस उपयोगी पडतात. अशा संचातील एकाच तबलजीच्या तिहाया, समेवर येण्याची रीत आणि गायक थांबताच केलेली भर यांची परस्परांशी तुलना करता येते. त्यातून ‘या सहा बाजूंवर एकच हात आहे’ इतके म्हणता येईल. त्या हाताला नाव द्यायचे ते पत्रव्यवहार, हिशेबवह्या वा समकालीन जाहिरातींतून मिळाले तरच. तोवर समीक्षकाने ‘तबला : अज्ञात’ असेच लिहावे.