बेरीज कळते, नावे कळत नाहीत

पेणहून रोह्याला जाणारी गाडी कासूनंतर नागोठण्याला येते. तिथल्या पेट्रोरसायन संकुलात नोव्हेंबर १९९० मध्ये वायुगळती होऊन स्फोट झाला. तीसहून अधिक माणसे दगावली. असा अपघात सर्वांना दिसतो. पण नागोठण्यासारख्या संकुलातून किंवा रोह्याजवळच्या धाटाव वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांतून रोज, नियमात राहून, काय बाहेर पडते?

त्याची नोंद व्हावी म्हणून पर्यावरण (संरक्षण) नियमांत १९९२ साली नियम १४ घालण्यात आला. कारखान्याने वर्षातून एकदा नमुना ५ भरून प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा. त्यात प्रदूषकाची तीव्रता तर विचारली आहेच, शिवाय दिवसाला किती वजन सोडले हेही विचारले आहे. ही नमुन्याची जमेची बाजू. सांडपाण्याच्या रासायनिक ऑक्सिजन मागणीची, म्हणजे सीओडीची, सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. रोज १,००० घनमीटर पाणी सोडणारा कारखाना ही मर्यादा पाळूनही दिवसाला २५० किलो, वर्षाला सुमारे ९१ टन सीओडीचा भार टाकू शकतो.

उणीव वेगळीच आहे. नमुना विचारतो ते संमतिपत्रातलेच प्रदूषक, आणि तिथे मुख्यतः सीओडी, बीओडी, तरंगते घन पदार्थ अशी एकत्रित मापे असतात. मळीचे पाणी आणि फिनॉलचे पाणी यांचा सीओडी सारखा येऊ शकतो. पिरिडीनसारखे रसायन तर या चाचणीत जवळजवळ सापडतच नाही. प्रगतिपुस्तकात एकूण गुण लिहावेत आणि विषय गाळावेत, तसा हा प्रकार. खाडीतली मासळी का कमी झाली किंवा गावात एखादा आजार का वाढला, हे शोधणाऱ्याला बेरजेचा उपयोग थोडा. त्याला रसायनाचे नाव हवे.

भोपाळ दुर्घटना डिसेंबर १९८४ मध्ये घडली. १९८५ मध्ये त्याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातील कारखान्यात गळती झाली आणि १९८६ मध्ये अमेरिकेने कायदा केला. यादीतले प्रत्येक रसायन हवेत, पाण्यात, जमिनीत किती गेले, हे मोठ्या कारखान्यांनी दरवर्षी नावानिशी कळवायचे आणि सरकारने ते लोकांपुढे मांडायचे. यातही दोष आहेत. आकडे कारखानाच देतो, पुष्कळदा अंदाजाने. लहान कारखाने सुटतात. तरीही नाव कळले की प्रश्न विचारता येतो. भोपाळ आपले, त्यातून निघालेला हा धडा मात्र आपण अर्धाच घेतला.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००३ मध्ये कारखान्यांनी घातक रसायनांची व उत्सर्जनाची माहिती प्रवेशद्वाराबाहेर फलकावर लावावी, असा आदेश दिला. शिक्षकांनी वरच्या वर्गातल्या मुलांना असा एखादा फलक वाचायला न्यावे. त्यावर रसायनांची नावे किती आणि नुसत्या बेरजा किती, ते मुलांनी वहीत दोन रकाने आखून लिहावे. नमुना ५ मध्ये कोणता रकाना वाढवायला हवा, हे त्या वहीवरूनच स्पष्ट होईल.